गच्चीवरच्या नऊ बादल्या

रत्नागिरी,
१० ऑगस्ट २०२५

चि. सौ. वेदिका हिस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. पावसात गुडघा दुखतो, तेवढंच. तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग. दापोलीला पाऊस इथल्यापेक्षा जास्त आहे असं बातम्यांत ऐकलं.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन करायचा नाही असं अनिलने बजावलं आहे. वकिलांनी तसं सांगितलं म्हणे. पत्राबद्दल कोणी काही बोललेलं नाही, म्हणून लिहिते.

तुझा मका माझ्या कमरेला लागला. तू गेलीस तेव्हा चार-चार पानं होती. नऊच्या नऊ रोपं जगली आहेत. तू रंगाच्या बादल्यांना तापल्या सळईने भोकं पाडत होतीस तेव्हा मैनावन्सं हसल्या होत्या, आठवतं? "वयनी, सुनेला सांगा, मांडवीच्या किनाऱ्यावर भाजलेलं कणीस हवं तेवढं मिळतं. बादलीत कसला मका होतोय! कावळ्यांची सोय." आता त्या आल्या की आधी गच्चीवर जातात.

मागच्या आठवड्यात वारा फार होता. दोन रोपं कलली. मी प्रत्येक बादलीला जांभ्याचा एक-एक तुकडा टेकवला आणि रोपं काथ्याने एकमेकांना बांधली. बुंध्यातून बाहेर मुळं फुटली आहेत, बोटांसारखी. त्यांच्यावर माती चढवली. ते बरोबर केलं का?

बादल्या हलवलेल्या नाहीत. तीन-तीनच्या तीन रांगा, तू ठेवल्या तशाच. कठड्याला एका ओळीत ठेव, वाळवणाला जागा राहील, असं मी म्हणाले होते. तू म्हणालीस, "वाऱ्याचं पीक आहे आई, एकमेकांजवळच हवं." ते माझ्या लक्षात आहे.

एक विचारायचं आहे. गणपतीच्या सुमारास तुरे येतील असं तू म्हणाली होतीस. मैनावन्सं म्हणतात, तुरा खुडला की ताकद खाली उतरते आणि कणीस भरतं. खरं का? तुझं शिक्षण त्यातलंच आहे. सवडीने कळव. इतर काही लिहायची इच्छा नसेल तर नको लिहू. मक्याचं तेवढं लिही.

नोटीस तुला मिळाली असेल. मी ती वाचलेली नाही.

बिया टोचत होतो त्या सकाळी तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी तेव्हाच उत्तर दिलं होतं. तरी तो अधूनमधून आठवतो. असो.

अंगणात निसरडं असेल, जपून चाल.

तुझी,
आई


रत्नागिरी,
५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वेदिका हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. सणाच्या सुट्ट्यांमुळे उशिरा पोचलं, गौरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. पाचच ओळी आहेत, पण अक्षर तुझं.

"तुरे कापू नका. पाऊस नसेल तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास रोपं हळूच हलवा. तुऱ्यातली पिवळी भुकटी खालच्या कणसाच्या केसांवर पडली पाहिजे. एकेका केसाचा एकेक दाणा होतो. भुकटी पडली नाही तर दाणा नाही."

कार्ड मी देवाच्या फळीवर ठेवलं आहे. तू लिहिलंस तसं करते आहे.

गणपती ठीक झाला. दीड दिवसाचाच आणला. या वर्षी गावी कोणी गेलं नाही, त्यामुळे भाताच्या लोंब्या आल्या नाहीत. पण मंडपी रिकामी राहिली नाही. मूर्तीच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट भरून गेली होती. कवंडळाची लाल फळं बाजारातून आणली, सुपारीचा घोस शेजारच्या रहिमाने दिला, त्यांच्या वाडीतला. आणि नवं घरचंच होतं. आरतीला आलेले सगळे वर बघून विचारत होते, हे काय बांधलंय? मैनावन्सं अभिमानाने सांगत होत्या.

मोदक जमले नाहीत. पारी फाटत होती. तुझा हात लागत असे, हे अनिलसुद्धा म्हणाला. म्हणाला आणि ताटावरून उठला.

कणसं धरली आहेत. प्रत्येक रोपाला एक, दोन रोपांना दोन-दोन. केस पोपटी आहेत, रेशमासारखे, आणि रोज लांब होत आहेत. तू म्हणालीस तसे ते तपकिरी होऊन सुकायला हवेत ना? अजून सुकत नाहीत. पावसामुळे असेल.

मैनावन्संनी अनिलसाठी सावर्ड्याचं एक स्थळ आणलं आहे. हे तुला मी सांगावं की नाही, कळत नव्हतं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. कोर्टाचं मिटेपर्यंत नुसती बोलणी.

आज शिक्षक दिन. जुने दोन विद्यार्थी येऊन पाया पडून गेले. एक आता बंदरावर कामाला आहे. म्हणाला, "बाई, तुम्ही खोटं बोललेलं कधी चालवून घेतलं नाहीत." मी त्याला लाडू दिला.

तुझी,
आई


रत्नागिरी,
२८ सप्टेंबर २०२५

वेदिका,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही.

तुरे मी कापले. गणपतीच्या आदल्या दिवशी. तुझं कार्ड आलं तेव्हा ते मंडपीला बांधून, विसर्जनाबरोबर समुद्रात जाऊन चार दिवस झाले होते. मागच्या पत्रात मी लिहिलं की तू सांगितलंस तसं करते आहे. मी रोज सकाळी दहाला गच्चीवर जात होते आणि बिनतुऱ्याची रोपं हलवत होते. हे खरं आहे. ते लिहिताना मला लाज वाटली नाही, याची आता वाटते.

मैनावन्सं वर आल्या आणि म्हणाल्या, "अगो वयनी, हे बघा! लोंब्याच की! देवाला नवं घरचं झालं." तुरे नुकतेच उलगडत होते. भाताच्या लोंबीसारखेच दिसतात. पहिलं पीक देवाच्या डोक्यावर बांधायचं, हे लहानपणापासून अंगात आहे. शिवाय मक्याचं कणीस पानाच्या बगलेत धरतं हे मला ठाऊक होतं, म्हणून वाटलं, वरचं नुसतं शोभेचं. विळा मीच आणला. नऊही मीच कापले. वन्संनी फक्त धरले.

तीस वर्षं मी चौथीच्या वर्गात फळ्यावर जास्वंदीचं फूल काढून परागकण शिकवले.

गेल्या रविवारी रहिमा वर आली होती. तिच्या मजीदभाईंचं जहाज दिवाळीनंतर येणार आहे, त्यांच्यासाठी एक कणीस मागणार होती. मी सोललं. आत पांढरा बुरकुंडा, नुसता. दुसरं सोललं, तेही तसंच. तिने तिसरं स्वतः सोललं.

"बाई, दाणेच नाहीत. तुरे कुठं गेले ह्यांचे?"

"कापले."

"सगळे?"

"सगळे."

 ती सोललेलं कणीस हातात फिरवत म्हणाली, "मग झाडाची काय चूक, बाई?"

एका कणसाला चार दाणे होते. कापायच्या आधी एखाद्या तुऱ्यातलं थोडं उडालं असेल. एका दाण्यावर मी नख दाबलं. दूध आलं.

बाकीची कणसं मी सोलली नाहीत. ती तशीच उभी आहेत.

सोमवारी घट बसले. मंगळवारी सावर्ड्याची मंडळी आली. मुलगी सव्वीस वर्षांची, अंगणवाडीत शिकवते. हात कामाचे आहेत. पोहे खाऊन झाल्यावर तिची आई म्हणाली, "विचारू नये, पण आमची एकुलती एक. आधीचीचं काय झालं?"

वन्सं म्हणाल्या, "तिच्यात दोष होता. पाच वर्षं वाट पाहिली."

"आणि मुलाला काही दुखणं-बाणं? लहानपणी वगैरे?"

मी तोंड उघडलं होतं. वन्संनी मला वेळ दिला नाही. "आमच्या अनिलला? कधी साधा ताप नाही."

वेदिका, हे वाक्य माझं आहे. बिया टोचताना तुला मी हेच म्हणाले होते. शब्दसुद्धा बदललेला नव्हता. वन्संना ते माझ्याकडूनच मिळालं. तुझ्या तोंडावर म्हटलं आणि नंतर सगळ्या पाहुण्यांत म्हणत राहिले.

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी कपबशा उचलल्या.

आता सांगते. अनिल आठवीत असताना त्याला गालगुंड झाले होते. सगळ्याच मुलांना होतात. पण त्याचा ताप उतरला नाही आणि सूज खाली उतरली, पुरुषाला जिथे उतरू नये तिथे. अकरा दिवस तो दवाखान्यात होता. त्याला सुजलेले गाल आठवत असतील. बाकीचं तो लाजेनं कधी बोलला नाही आणि आम्हीही काढलं नाही. सुट्टी देताना डॉक्टरांनी ह्यांना आणि मला बाजूला बसवून सांगितलं की याचा पुढे परिणाम होईलच असं नाही, पण होऊ शकतो. लग्नाच्या वयात एकदा तपासून घ्या. कागदावरही लिहून दिलं. हे म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. तेव्हा आलं, आणि आम्ही पत्रिका बघितली.

तुझ्या तपासण्या सुरू झाल्या तेव्हा हे गेलेले होते. मी होते. कोल्हापूरला तुझ्या पोटात दुर्बीण घातली, त्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. भूल उतरल्यावर तू पहिल्यांदा माझा हात धरलास आणि म्हणालीस, "आई, काहीच सापडलं नाही." मी म्हणाले, "देव बघेल." कागद तेव्हाही माझ्या ट्रंकेत होता, शाळेच्या फाइलीत. अनिलला तपासायचं डॉक्टरांनी काढलं तेव्हा त्याला कशाला, असं म्हणणारी मीच होते.

त्या सकाळी तू म्हणालीस, "डॉक्टरांनी विचारलंय. अनिल म्हणतो, आईला विचार." तुझ्या मुठीत बिया होत्या. तू एकेक बोटाचं पेर मातीत खुपसत होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. मला सोपं जावं म्हणून बघत नव्हतीस, असं आता वाटतं.

नोटीस मी वाचली नव्हती, हेही खरं नाही. वकिलाकडून मसुदा आला तेव्हा अनिलने तो मलाच दिला, एकदा नजर टाक म्हणून. "लग्नापूर्वी दोष लपवून ठेवला व फसवणूक केली" असं वाक्य तिसऱ्या परिच्छेदात आहे. दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या लाल पेनाने दुरुस्त करून मी कागद परत दिला.

परवा सकाळी अनिलला सांगितलं. तो ड्युटीवर निघाला होता. ट्रंकेतला कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने उभ्यानेच वाचला. मला वाटलं होतं, ओरडेल.

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुला."

"हो."

त्याने हेल्मेट उचललं, परत ठेवलं, परत उचललं. "मी तिला काय काय बोललोय, तुला माहीत आहे ना?" म्हणाला. मग गेला. येतो, जातो, जेवण बाहेर करतो. काल सावर्ड्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं, एवढं वन्संकडून कळलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत. म्हणाल्या, "पोटच्या पोराचं असं कोणी चव्हाट्यावर मांडतं?"

त्याला तू बोल लावायचा की नाही, ते तू ठरव. मी त्याची बाजू मांडण्यासाठी हे लिहीत नाही. त्याच्याही बाबतीत मीच.

परत ये, असं लिहिणार नाही. तो प्रश्न आता इथून विचारण्यासारखा राहिलेला नाही. माफ कर, असंही नाही. कोल्हापूरच्या बाकावर ते मागता आलं असतं.

दवाखान्याचा कागद सोबत जोडला आहे. मूळच आहे, झेरॉक्स नाही. घडीवर फाटला आहे, मागून चिकटपट्टी लावली आहे. खालची ओळ डॉक्टरांच्या हातची आहे, वाचता येते. तो आणि हे पत्र तुझ्या वकिलांना दे. मला कोर्टात बोलावलं तर मी येईन. अनिलला तसं सांगितलं आहे.

बादल्यांतली माती चांगली आहे. रहिमाला दिली तर ती मेथी लावेल. पण आधी तुला विचारते, कारण माती तू कालवली होतीस.

आजवर तुला प्रत्येक कागदावर मी "आई" अशी सही केली. हा कागद कोर्टात जायचा आहे, तिथे ते पुरणार नाही.

तू विचारलं होतंस, अनिलला लहानपणी काही आजार झाला होता का.

हो.

मथुरा रघुनाथ पाष्टे