काळजीचं कारण नाही, म्हणे

नॉटिंगहॅम,
रविवार

तीर्थस्वरूप पद्माकर भाऊजींना,
अलकाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, जाऊबाईंची शुगर आणि सोसायटीची लिफ्ट, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. (लिफ्टबद्दल फारशी नाही.) इकडे आम्ही बरे आहोत. श्रीकांतना सर्दी आहे, पण ती त्यांना या देशात पाऊल ठेवल्यापासूनच आहे. पत्र मी लिहिते आहे, कारण तुम्हाला काही मागायचं म्हटलं की तुमच्या धाकट्या भावाच्या हाताला मुंग्या येतात. (मागणं काय ते पुढे येईलच. आधी हालहवाल.)

आमच्या वरच्या खोलीत वर्षभरापासून इसाम राहतो. माझ्याच वॉर्डातला ज्युनियर डॉक्टर, सुदानचा. मुलगा लाखात एक, न सांगता भांडी घासतो. पण कोणी जबाबदार माणूस सगळं ठीक आहे म्हणाला की हा लगेच वाईटाच्या तयारीला लागतो. बॉयलरवाला तपासून 'परफेक्ट कंडिशन' म्हणून गेला, तर हा निमूटपणे कुठूनसा हीटर घेऊन आला. (संध्याकाळी बॉयलरनं मान टाकली.) ड्युट्यांच्या रोटाबद्दल मॅनेजरची 'नो कॉज फॉर कन्सर्न' अशी ईमेल आली, तर यानं भलामोठा डबा भरला. मी त्याची यथेच्छ थट्टा केली, आणि मग अख्खा वीकेंड वॉर्डात अडकून पडल्यावर त्याच डब्यातलं खाल्लं.

हे खूळ मूळचं त्याच्या आईचं. तिकडे यादवी पेटली, देशातल्याच दोन फौजा एकमेकींच्या उरावर बसल्या, तेव्हा रेडिओवर सांगितलं की राजधानी सुरक्षित आहे. लोकांनी मान डोलावली आणि मग नेसत्या वस्त्रानिशी पळाले. पुढच्या गावी पुन्हा तोच धीर, पुन्हा तीच पळापळ. तिसऱ्या वेळी 'घाबरू नका' ऐकल्याबरोबर आईनं चुलीवरचं तसंच टाकलं, बोचकं बांधलं आणि बस गाठली. बघते तर अख्खी गल्ली आधीच बसमध्ये! आता तिथे सरकारवर भरवसा म्हणाल तर एवढाच उरलाय, की ते म्हणेल त्याच्या उलट करावं म्हणजे जीव वाचतो.

हे ऐकून मी जेवताना हसले. तेव्हा इसामनं मामांचं सांगितलं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, निवृत्त हेडमास्तर; तिसऱ्या वेळी ती त्यांच्याच घरी होती. रेडिओवरून धीर देणारा तो साहेब त्यांचाच विद्यार्थी. माझ्या वर्गात बसलेला पोरगा खोटं बोलायचा नाही, असं म्हणून मास्तर घरीच राहिले. आईनं हातापाया पडून पाहिलं. त्यांनी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि तिचीच समजूत काढली. त्यानंतर त्यांचा फोन लागलेला नाही. इसाम ड्युटीवरून आला की अंगातला कोट न काढता आधी तो नंबर लावतो. मला ते बघवत नाही, भाऊजी. पेशंटच्या नातेवाइकांना 'काळजी करू नका' म्हणण्यात माझी हयात गेली, आता जीभच वळत नाही. परवा एका आजोबांना नुसताच चहा दिला.

असो. जाऊबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
अलका

ता. क. इसामची आई कशीबशी कैरोला पोचली आहे. तिला इथला व्हिसा मिळाला नाही, भारताचा मिळाला. त्याची बहीण अमना तुमच्या पुण्यात फार्मसी शिकते, पण होस्टेलवर आईला ठेवून घेत नाहीत. तुमच्याच सोसायटीतला आमचा फ्लॅट रिकामा, किल्ली तुमच्याकडे, आणि 'परदेशी भाडेकरू नकोत' हा सोसायटीचा नियम तुम्हीच चेअरमन झाल्यावर केलेला. तो मोडा. बाई पहाटे उठणारी आहे, शिस्तीत तुम्हाला हार जाणार नाही.

ता. ता. क. हे वाचून श्रीकांत इसामला म्हणाले, 'डोन्ट वरी, माय ब्रदर विल सॉर्ट इट.' ते ऐकताच पोरगा हळूच वर गेला आणि अमनाला फोन करून दुसरीकडे खोली शोधायला सांगू लागला. तेव्हा एवढं करा: उत्तरात 'काळजी नसावी' लिहू नका. काहीच लिहू नका. अमना येईल, तिच्या हातात किल्ली द्या.