डहाणूची हवा

२ मे १९५५, सूर्यमाळ
शाळेला सुट्टी लागली. निर्णय पक्का. डहाणूला जायचे. समुद्रकिनारी आठवडाभर राहायचे, पहाटे समुद्रस्नान करायचे, पोहायला शिकायचे. चेंज हवाच होता. इतकी वर्षे पोरांना भरती, ओहोटी, बंदरे शिकवतो आहे आणि समुद्र स्वतः पाहिलेला नाही. हे इथे कोणाला माहीत नाही. व्हर्नाक्युलर फायनल पास माणसाला हे शोभत नाही.

रखमी डहाणूलाच आहे. म्हणजे आमची सौ. तिचा भाऊ जिव्या तिथे चिकूच्या वाडीत कामाला असतो, त्याच्याकडे. जव्हार संस्थान विलीन झाल्यावर आमची शाळा स्कूल बोर्डाकडे गेली आणि माझी बदली पोशेऱ्याहून इथे डोंगरावर झाली. इथे उन्हाळ्यात विहीर आटते. झऱ्यावरून पाणी आणून तिला थकवा आला, म्हणून मागच्या उन्हाळ्यात विश्रांतीला गेली. विश्रांती जरा लांबली.

तिच्यासाठी जात नाही. तब्येतीसाठी जातो आहे. भेट झाली तर झाली.

३ मे
मोखाड्याच्या शिंप्याकडून पोहण्यासाठी हाफ पँट आणली. ढगळ आहे. पाण्यात कोण बघतो.

शेजारच्या बुधीकडून नागलीचे पापड घेतले. रखमीला आवडतात. बुधी म्हणाली, गुरुजी, कशाला जाता, ती तिकडं बरी आहे. मी म्हटले, पाहुण्यासारखी किती दिवस राहणार? यावर बुधीने पापड मोजायला घेतले. बाई अडाणी आहे, पण पापड उत्तम करते.

५ मे, डहाणू
जव्हारहून एस.टी.ने आलो. घाटात उलटी झाली. ड्रायव्हर वळणे फार बेपर्वाईने घेत होता. पापड थोडे मोडले.

धर्मशाळेत उतरलो. जिव्याकडे थेट गेलो नाही. सुट्टीला आलेल्या माणसाने लगेच नातेवाइकांच्या दारात उभे राहू नये.

६ मे, सकाळ
हाफ पँट घालून किनाऱ्यावर गेलो. समुद्र नव्हता. चिखल, चिखलात कलंडलेल्या होड्या आणि फार लांब एक चकाकती रेघ. मासळी वाळत घालणाऱ्या बाईला विचारले, पाणी कुठे आहे? ती माझ्या पायांकडे बघत म्हणाली, गेलंय, येईल दुपारी.
ओहोटी. हे मला ठाऊकच होते. क्षणभर लक्षात आले नाही.

दुपार
पाणी आले. घोट्यापर्यंत उतरलो. एक लाट अंगावर आली, म्हणून परत फिरलो. पहिल्या दिवशी अति करू नये.
किनाऱ्यावर एक पारशी कुटुंब खुर्च्या टाकून बसले होते. सगळे एकदम बोलत होते, तरी प्रत्येकाला दुसऱ्याचे कळत होते. मी जवळून जाताना म्हणालो, वारा छान आहे. एका म्हाताऱ्या बाईने मान हलवली. चांगली ओळख झाली. परत येताना पुन्हा त्याच बाजूने आलो, पण तोवर ते उठून गेले होते.

७ मे
नरपडचा किनारा केला. सुरूची झाडे, वाळू स्वच्छ, माणूस नाही. पोळी खाल्ली. एक कुत्रा येऊन बसला. त्याला तुकडा दिला आणि पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणी जास्त आहे, असे सांगितले. तुकडा संपल्यावर तोही गेला.

शांतता मिळावी म्हणूनच आलो होतो. मिळते आहे. जरा जास्तच मिळते आहे.

बसल्याबसल्या सूर्यमाळचे आठवले. रखमी झऱ्यावर जायची तेव्हा मी काही रिकामा बसत नसे. पाण्याच्या टाकीसाठी अर्ज लिहीत असे. एकदा ती म्हणाली होती, एक हंडा तू घे. पण गुरुजींनी डोक्यावर हंडा घेतला तर वर्गात शिस्त कशी राहणार? तिलाही ते पटले होते. पुन्हा म्हणाली नाही.

८ मे
आज बोर्डीचा किनारा असा प्रोग्रॅम होता. वाटेत वाडी लागली. खरे म्हणजे वाडी वाटेत नाही, पण मी सावलीच्या बाजूने चाललो.

रखमी अंगणात होती. तब्येत सुधारली आहे. समुद्राची हवा. मला बघून जरा थबकली, मग म्हणाली, या गुरुजी, बसा. पूर्वी मला तू म्हणायची. वर्षभरात आदर वाढला आहे. दूर राहण्याचा हा एक फायदा.

चहा झाला. जिव्या सारखा जमिनीकडे बघत होता. पापड दिले. तिने ते रघ्या नावाच्या गृहस्थाकडे दिले, त्याने शिंकाळ्यावर ठेवले. हा रघ्या वाडीचा रखवालदार. फार सेवाभावी माणूस. दाराशीच विहीर आहे. त्याने कोणी न सांगता हंडे भरले, आत नेऊन जागच्या जागी ठेवले, रखमीच्या हातातली लाकडेही घेतली. असा शेजार आमच्या डोंगरावर नाही. मी त्याला तसे बोलूनही दाखवले. तो म्हणाला, गुरुजी, उद्या तुम्हाला समुद्रात नेतो.
परवा रखमीला सांगायचे, सामान बांध. उगीच घाई नको.

९ मे
रघ्याबरोबर समुद्रस्नान. वाटेत तो दोनदा म्हणाला, गुरुजी, एक सांगायचंय. शिकायची आवड दिसली. चंद्रामुळे भरती कशी येते ते मी त्याला सविस्तर समजावले. तो ऐकत राहिला.

कमरेइतक्या पाण्यात गेलो. त्याने हात धरला होता. मी म्हटले, सोड, मला जमते. त्याने सोडला. लाट आली. पुढचे नीट आठवत नाही. वर काढले तेव्हा नाकातोंडात वाळू होती आणि हाफ पँट गुडघ्यापर्यंत आली होती. रघ्याने ती वर ओढली, माझी पाठ चोळत बसला. मग म्हणाला, गुरुजी, आमचा राग धरू नका. मी म्हटले, अरे, लाट काय तू पाठवलीस? तो उठून माझे कपडे घेऊन आला.
पोहणे बहुधा पुढच्या वर्षी.

१० मे
सकाळी वाडीवर गेलो. रखमीला म्हटले, आता पुष्कळ विश्रांती झाली, सामान बांध. ती म्हणाली, चला, किनाऱ्यावर जाऊ. आम्ही दोघे कधी असे फिरायला गेलो नव्हतो. मला बरे वाटले.

ओहोटी होती. ती चिखलाच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, मी रघ्याच्या घरात राहते. दिवाळीनंतर पंचांसमोर आमचं लगीन झालं. जिव्या तुम्हाला सांगायला आला होता.

जिव्या आला होता, हे खरे. होळीच्या सुमारास. मी त्याला शाळेची नवी भिंत दाखवली. मग शाळेविषयीच बोलत होतो. तो जेवून गेला.

मी विचारले, विहिरीसाठी का?
ती म्हणाली, विहिरीसाठी नाय. पाणी मी आणलं असतं.
मग कशासाठी?
ती म्हणाली, तो घरी आला की माझ्याशी बोलतो. तुम्ही मला शिकवायचा.

राग नव्हता तिच्या आवाजात. काल लाटेत लागले का, असेही विचारले. मी म्हटले, नाही. संध्याकाळपर्यंत पाणी परत येते, असे तिला सांगणार होतो. अर्धे वाक्य झाले आणि थांबलो. तिला ते माहीत असणार. ती इथे राहते.

११ मे
दोघेही एस.टी.वर आले. रघ्याने चिकूंची पिशवी दिली. रखमीने कंडक्टरला सांगितले, यांना गाडी लागते, पुढं बसवा. मी पुढे बसलो. वाडीत काम होते म्हणून ते गाडी सुटायच्या आधीच गेले. गाडी बराच वेळ उभी होती.

घाटात उलटी झाली नाही. ते सांगायला शेजारी कोणी नव्हते.

१३ मे, सूर्यमाळ
विहीर आटली आहे. संध्याकाळी अंधार पडता पडता हंडा घेऊन झऱ्यावर गेलो. बायकांनी मला पुढे जाऊ दिले. मी नको म्हटले, रांगेत उभा राहिलो. पोरे होती, पण कोणी हसले नाही. एकीने सरकून दगडावर जागा करून दिली.

येताना बुधी दारात बसली होती. समुद्र कसा होता, असे तिने विचारले नाही. रखमीचेही विचारले नाही. तिला सगळे आधीपासून माहीत होते, सगळ्यांना माहीत होते. मी हंडा खाली ठेवला आणि म्हटले, बुधी, तुझं कसं चाललंय?

तिने हंड्याकडे आणि माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, गुरुजी, बरं वाटत नाय का?

मी म्हटले, बरं आहे. त्यापुढे काय बोलतात ते सुचेना. ती शेळी बांधायला उठली, मी हंडा उचलून घरात आलो.