पालखीच्या दांड्याची चव

रत्नागिरी, मंगळवार, दिवेलागण

आज प्रयोगशाळेतून पाय निघेना. मंडणगडकडच्या डोंगरातल्या एका गावचे गुरवकाका ग्रामदेवतेच्या पालखीच्या मोडलेल्या दांड्याचा तुकडा घेऊन आले होते. तुकडा नेमका खांद्याच्या जागचा, घासून घासून गुळगुळीत झालेला. शिमग्याआधी नवा दांडा हवा, आणि तोही जुन्याच जातीच्या लाकडाचा, असा गावचा रिवाज. "फणसाचाच हाय मॅडम, आमचा आजा सांगायचा. तुम्ही हो म्हणा, मग देवराईतला फणस तोडतो." देवराईत जुना फणस तेवढा एकच उरलाय!

पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. फणस? छे! छिद्रं एकेकटी, तिरक्या रांगांत. ही तर उंडी. समुद्रकाठचं झाड, त्याच्या डोलकाठ्या करायचे. काकांना सांगितलं तर ते हसतच सुटले. "म्हंजे आमचा देव गलबतातनं आला म्हणा की! ऱ्हाऊ दे मग फणस."

फणस वाचला. पण डोंगरातल्या देवाला डोलकाठी दिली कुणी? वादळातून परतलेल्याने नवस फेडला? की कुणाला आयतं लांब लाकूड सापडलं, एवढंच? इतकी वर्षं लाकूड वाचतेय, झाड कळतं, माणूस कळत नाही.

शेवटी, जे केलं म्हणून विद्यार्थ्यांवर ओरडते तेच केलं. ढलपी जिभेला लावली. खारट! समुद्रच, म्हणून हरखले. मग ती गुळगुळीत जागा पुन्हा नजरेस पडली. किती पिढ्यांचे खांदे घामेजले असतील तिथे.

आता हे मीठ कुणाचं म्हणू?