लेकीसाठी उन्हाची सोय

३ एप्रिल, सकाळी
लेकीचा फोन. तिच्या इमारतीची लिफ्ट पंधरा तारखेपासून महिनाभर बंद राहणार. तीन जिने रोज चढायचे म्हणजे तिच्या पायांची परीक्षाच. मागल्या वर्षी एका डोळ्यापुढे धुकं आलं, पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं लांबलचक नाव सांगितलं. म्हणजे शरीराचे राखणदारच नसांवरचं आवरण कुरतडतात. कुंपणानेच शेत खाल्लं. औषधं चालू आहेत, नोकरीही करते, धीराची आहे पोर. पण दमते.

मी म्हटलं, महिनाभर इकडेच ये. तळमजला आहे, उंबरठासुद्धा मी तासून सपाट केलाय. चिंगीलाही आण. चिंगी म्हणजे तिची लेक. वय पंधरा, जीभ पंचेचाळीस.

लेक म्हणाली, येते हो बाबा, पण एकच अट. घरात सिगारेट नको. मला तर नकोच, चिंगीलाही तो धूर नको, असं डॉक्टरांनी बजावलंय.

त्यात काय! म्हटलं, सोडली म्हणून समज. पंधरा तारखेला येतेय.

त्याच दिवशी, दुपारी
सोडायची कशी याचा शांतपणे विचार करावा म्हणून गच्चीवर जाऊन एक ओढली. विचाराला लागते.

४ एप्रिल
चिंगीला फोन. म्हटलं, बाळे, हा आजार होतो कशाने ते मोबाइलवर बघ. आईला झालाय तो झाला, तुझ्या वाटेला जाता कामा नये. मूळच उपटू.

ती म्हणाली, आजोबा, मूळ अजून कुणालाच सापडलेलं नाही, धोका वाढवणाऱ्या गोष्टी तेवढ्या माहीत आहेत. मग वाचून दाखवल्या. ऊन आणि डी जीवनसत्त्व कमी मिळणं. एक विषाणू. पोरवयातला लठ्ठपणा. विषुववृत्तापासून लांब राहणं. थोडंफार रक्ताचं नातं. बाईचा जन्म. आणि सिगारेट. सिगारेट तिने दोनदा वाचली. मोबाइलमध्ये एखादी ओळ दोनदा येते कधीकधी.

माझं लक्ष मात्र उन्हाने वेधून घेतलं. जन्मभर छत्र्यांचं दुकान चालवलं मी. घराच्या एकूण एक खिडकीवर माझ्या हातचं कापडी छत. जगाला सावली विकली ती विकली, घरातही भरून ठेवली! आता उन्हाची सोय करायची. लेकीला आत्ताच सांगायचं नाही. आली की डोळे दिपले पाहिजेत.

६ एप्रिल
खिडक्यांवरची छतं उतरवली. पडदेही. दुपारपर्यंत घर असं लखलखलं की आमच्या हिला भाजी निवडताना डोळ्यांवर हात धरावा लागला. ही म्हणाली, आता न्हाणीघराचं दारही काढा, म्हणजे तिथेही जीवनसत्त्व पोचेल. हिला विज्ञानाची आवड उशिरा का होईना लागतेय.

छतं समोरच्या कंपाउंडरला देऊन टाकली. माझा जुना दोस्त, आता रिटायर. त्याने लगेच आपल्या खिडक्यांना लावूनही घेतली. लोकांना आरोग्याचं काही पडलेलं नाही.

गच्चीत ऊन तपासायला गेलो. ऊन घेता घेता एक ओढली. एका बाजूने जीवनसत्त्व जमा, दुसऱ्या बाजूने धूर खर्च. फिट्टंफाट.

८ एप्रिल
आज विषाणू. चिंगी म्हणते तो लाळेतून पसरतो. तातडीने फर्मान काढलं की घरात कुणी कुणाचा पेला उष्टा करायचा नाही. ही म्हणाली, घरात आपण दोघंच, आणि संसाराला इतकी वर्षं झाली, आता कशाची लाज?

दोरा तोंडात ओला करून सुईत ओवायचा नाही, हेही ठरवलं. मग कोरडा दोरा ओवत बसलो. एका जुन्या ग्राहकाची छत्री हौसेने दुरुस्त करतोय, ती तशीच राहिली. दोरा आत जाईना, माझी चिडचिड. चिडचिड झाली की काय लागतं ते लागलंच.

संध्याकाळी चिंगीचा फोन. तो विषाणू म्हणे बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो, आणि त्यातल्या फारच थोड्यांना पुढे हा आजार होतो. हे आधी सांगायचं! दोरा ओला केला. एका दमात ओवला.

९ एप्रिल
लेकीचा पलंग दक्षिणेच्या खोलीत हलवला. तेवढंच विषुववृत्त जवळ. कंबरेत उसण भरली. ही म्हणाली, अजून चार हात सरकवा, समुद्र लागेल.

१० एप्रिल
चिंगीला वजन विचारलं. तिने फोन ठेवला. पोरवयातला लठ्ठपणा हा मुद्दा तूर्त बाजूला.

११ एप्रिल
सिगारेट पूर्ण बंद. घरात. गच्ची हे घर नव्हे, हा माझा अभ्यासपूर्ण निष्कर्ष. धूर वर जातो, गच्ची वर असते, म्हणजे धूर आधीच निम्म्या वाटेवर. हिने विचारलं, गच्ची काय परदेशात आहे? संशोधकाला घरातून नेहमीच विरोध होतो.

१३ एप्रिल
खिडकीशी लेकीसाठी खुर्ची मांडली. चाचणी म्हणून स्वतः बसलो, तर डोळाच लागला. उठलो तेव्हा नाक टोमॅटो. ही थंड पाण्याच्या घड्या ठेवतेय आणि हसतेय. यावरून एवढं सिद्ध झालं की ऊन उत्तम प्रतीचं आहे.

१४ एप्रिल
उद्या लेक येणार. खोली झाडली, उश्या फुगवल्या, तिच्या आवडीची निळी चादर घातली. पुन्हापुन्हा खोलीत डोकावतोय. ही म्हणाली, लग्नघर झालंय तुमचं.

गच्चीत निरोपाची ओढली. एवढ्या जुन्या सोबत्याला एका सिगारेटीत निरोप देणं बरं दिसेना, म्हणून आणखी दोन. मग पेपरमिंट.

१५ एप्रिल
लेक आली. दारातच गळ्यात पडली, आणि पडल्यापडल्या मागे सरली. म्हणाली, बाबा, पेपरमिंटची सिगारेट निघाली का हो?

मी ऐकलं न ऐकलंसं करून तिला थेट उन्हाच्या खुर्चीत बसवलं. थोड्याच वेळात ती डोळे चोळायला लागली. पुन्हा धुकं. मी तिच्याभोवती घिरट्या घालायला लागलो. तीच मला धीर द्यायला लागली. म्हणाली, घाबरू नका, उष्णतेने माझी लक्षणं डोकं वर काढतात, सावलीत बसलं की ओसरतात. पण बाबा, आपल्या घरातली सावली गेली कुठे? ही म्हणाली, समोर कंपाउंडरकडे लावलीय.

तेवढ्यात चिंगी गच्चीवरून थोटकांनी भरलेली कुंडी घेऊन आली. म्हणाली, आजोबा, याला पाणी किती घालता?

लेक रागावली असती तर बरं होतं. ती नुसती म्हणाली, बाबा, ऊन, विषाणू, रक्ताचं नातं, यातलं कुणाच्या हातात काय होतं? एकच गोष्ट तुमच्या हातात होती, आणि ती पेटलेली.

कंपाउंडरची बायको येऊन तिला घेऊन गेली. मागोमाग चिंगी. मागोमाग निळी चादर. दिवेलागणीला हीसुद्धा, लेकीच्या सोबतीला. नवऱ्याच्या सोबतीला ऊन आहेच, म्हणाली.

१६ एप्रिल
समोर गेलो. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. काय बोलावं सुचेना म्हणून वाटेत एक ओढली. वाट म्हणजे एक रस्ता ओलांडायचा.

कंपाउंडरच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, फाटकातच थोपवलं. लेक खिडकीत बसलेली, डोळा निवळलेला. तिने विचारलं, जेवलात का बाबा? म्हटलं, हो. जेवलो नव्हतो. ती म्हणाली, लिफ्ट सुरू व्हायला महिना आहे, तुम्ही सोडलीत की त्याच दिवशी बॅग उचलून येते.

मी तोंड उघडणार, एवढ्यात आतल्या खोलीतून, अगदी मागून, चिंगी ओरडली, आजोबा आले वाटतं, वास आला!

परत आलो. घरभर ऊन.

पोरीचं नाक फार तल्लख आहे. तब्येतीच्या दृष्टीने ही बातमी चांगलीच म्हणायची.