झालरीतली वीतभर जागा

माय,

आज तुझ्याशी भांडायचंय आणि तू तर कधीचीच गेलीस, म्हणून कागद घेऊन बसलेय. समोर मशीनवर बाळाची दुलई पडलीय. वरून पिवळं सुती कापड, त्यावर बारीक पांढरी फुलं. मागून हल्लीचं ते केसाळ मऊ कापड, हात फिरवला की मांजराच्या पोटावरून फिरवल्यासारखं वाटतं. चारी बाजूंनी झालर. सगळी शिवून झालीय, फक्त एका कडेला वीतभर जागा उघडी आहे, जिथून ती उलटवून सुलट केली. तेवढं शिवायला कितीसा वेळ लागतो? पण सकाळपासून मी सुई ओवते, खाली ठेवते, पाणी पिते, परत येऊन बसते. हे सगळं तुझ्यामुळं चाललंय, माहीत आहे ना तुला?

तुझी नात दवाखान्यात आहे. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची; आता तिचं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या खेपेला तिचं बीपी वाढलं, झटके आले आणि बाळ पोटातच गेलं. तिला स्वतःला डॉक्टरांनी कसंबसं ओढून आणलं. तेव्हा मी त्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसून काय काय बोलले देवाला, ते तुला सांगण्यासारखं नाही. आता परत तेच सुरू झालंय. पाय सुजलेत, तोंड सुजलंय, डोळ्यांपुढं चमकतं म्हणते. नर्स येते, दंडाला पट्टा आवळते, आकडा लिहून घेते आणि पुढच्या खाटेकडं जाते. उद्या सकाळी सिझर करायचं ठरलंय. आणि या पोरीनं मला सांगितलंय की आज संध्याकाळी डबा आणशील तेव्हा दुलई आण, पूर्ण झालेली आण, ती घेऊनच मी आत जाणार.

आता तू काय म्हणशील ते मला इथं बसून ऐकू येतंय. हर्सूलची आपली खोली डोळ्यांपुढं येते. दारात उजेडाला मशीन, तुझा एक पाय पायट्यावर, दुसरा आखडून घेतलेला, आणि मी खाली बसून झालरीच्या पट्टीच्या चुण्या ओढतेय. दोरा ओढायचा, तुटू द्यायचा नाही, चुण्या सारख्या करत न्यायच्या. कोपऱ्यावर जास्त चुण्या सोडायच्या, नाहीतर उलटवल्यावर झालर तिथं ताणून उभी राहते. "अगं कोपऱ्याला हात सैल सोड, तुझ्या बापाचं कापड हाय का ते?" तू ओरडतेस. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली तू. शहरात आल्यावर मशीन शिकलीस आणि शहागंजपर्यंतच्या बायका तुझ्याकडं बाळाच्या दुलया शिवायला यायच्या. मागून मखमल, पुढून छापील छीट, भोवती झालर. दुलई हातात घेतली की बायकांचा चेहरा फुलायचा, आणि मग त्यांना ती जागा दिसायची. वीतभर, उघडी, आतला कापूस दिसतोय.

एक सून आली होती शहागंजची, पोट चांगलंच वर आलेलं, सोबत सासू. ती सून हसत म्हणाली, "अम्मा, पूरा सी देव ना. इत्ता क्या छोडे?" तू मान वर न करता म्हणालीस, "बच्चा रोया के लाना. सी देती." सासूला लगेच पटलं, तिनं सुनेला कोपरानं ढोसलं आणि झालरीचा एक कोपरा नीट करायला दुलई आपल्याकडंच ठेवून दोघी निघून गेल्या. सगळ्यांना पटायचं, माय. हिंदू असो मुसलमान असो, त्या उघड्या जागेकडं बघितलं की बाईचा आवाज खाली यायचा. मग कधीतरी लेकरू खांद्यावर घेऊन ती बाई यायची, तू ते लेकरू मांडीवर घ्यायचीस, एका हातानं थोपटत दुसऱ्या हातानं ती जागा शिवायचीस आणि दातानं दोरा तोडायचीस. मला ते बघायला लई आवडायचं. ती बाई गेली की मी पण बाहुलीला मांडीवर घेऊन तसंच करायचे.

पण भीतीही तूच घातलीस. दुसऱ्याच दिवशी तू पाण्याला गेली होतीस आणि मी त्याच सुनेची दुलई गुपचूप शिवून टाकली. तुला मदत म्हणून, अगदी तुझ्यासारखे बारीक टाके घालून. तू आलीस, बघितलंस, हंडा तसाच दारात आपटलास आणि माझ्या थोबाडीत दिलीस. "कुणाचं लेकरू अजून आलं नाय, अन् तू दार लावून बसली व्हय?" मग टाके उसवायला बसलीस. मारलं त्याचं मला काहीच नाही वाटलं, पण तुझे हात थरथरताना मी त्याआधी कधी बघितले नव्हते. ते लेकरू नीट जन्मलं. आता पैठणगेटला त्याचं दुकान आहे, चांगली ढेरी सुटलीय, मागं मी त्याच्याकडून चादर घेतली. म्हणजे तुझं खरं होतं का खोटं? तू उसवलंस म्हणून तो जगला, की तसाही जगणारच होता? आता कोण सांगणार? हाच तर घोळ आहे तुझ्या गोष्टींचा. खोट्या ठरवायला जावं तर हातच उचलत नाही.

आणि ती दुसरी दुलई, जी शिवायला कधी परत आलीच नाही. तांबडी मखमल होती. तू वाट बघितलीस, मग वाट बघणं सोडलंस, मग त्या बाईच्या गल्लीतून जाणंच सोडलंस. बाजाराला जायचं तर आपण लांबून जायचो. मी विचारलं, असं का? तू म्हणालीस, "उन्हातून नगं." त्या लांबच्या वाटेवर तर सावलीचं एक झाड नव्हतं! मी लहान होते, पण एवढी लहान नव्हते गं.

म्हणून मी लेकीच्या पहिल्या खेपेला तुझं सगळं पाळलं. घरात नवीन चिंधी आणली नाही. झबलं नाही, टोपरं नाही, दुपटं नाही. बाळ रडू दे, मग तुझी जुनी लुगडी फाडू म्हटलं, तीच लेकराच्या अंगाला बरी. ती मैत्रिणींचं बघून काही आणायला निघाली की मीच डोळे वटारायचे. तरी व्हायचं ते झालंच.

या खेपेला तिनं मला न विचारता फोनवरून कापड मागवलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं. "आई, आजीसारखी शिवून दे. झालर पायजेच." मी टाळलं. मशीनला तेल नाही म्हटलं, चष्मा बदलायचाय म्हटलं. ती दवाखान्यात गेली तेव्हा मात्र कात्री लावावीच लागली. आणि ते कापड! तुझी मखमल याच्यापुढं गरीब गाय. याचे केस घरभर उडतात, चहात पडतात. आणि सरकतं किती मेलं! टाचण्या लावून शिवलं तरी शेवटी बोटभर पुढं निघून गेलं. सगळं उसवलं, आधी हातानं कच्चा दोरा घातला, केस आत दाबत दाबत, मग मशीन मारली. एका कोपऱ्यात झालरच शिलाईत सापडली, परत उसवलं. ऑफिसात सगळा जन्म फायली हलवल्या, हाताला सवय कुठली राहणार? पण उलटवली तेव्हा झालर चारी बाजूंनी भसकन बाहेर आली आणि माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "अगं बाई!" त्या एका क्षणात मी घाबरायची विसरले होते. लगेच आठवलं, आणि दुलई तशीच उघडी ठेवून उठले.

काल मी लेकीला सांगून बघितलं. म्हटलं, आजीची रीत होती, थोडी जागा ठेवते, बाळ रडलं की तिथंच बसून शिवून देते, त्यात तुझं काय जातं? ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. वळली. सुजलेलं तोंड, ओठ फुटलेले. म्हणाली, "आई, मागच्या वेळी तू त्याला बघितलंस का?" मी म्हटलं, नाही. मला दाखवायला आणलं होतं, मी मान फिरवली होती. "मी बघितलं," ती म्हणाली. "त्याला दवाखान्याच्या हिरव्या कापडात गुंडाळलं होतं. आपल्या घरचं एक फडकं नव्हतं त्याच्या अंगावर. नर्सनं विचारलं, बाळाचं काही आणलंय का? आणि मी म्हटलं, नाही." मग म्हणाली, "हे रडो नायतर न रडो, याला याचं पायजे. रडल्यावरच माझं होणार का ते? आत्ता नाहीये का?" मी तिचे पाय चेपत बसले. दाबलं की बोटाचा खड्डा पडतो, भरून यायला वेळ लागतो. त्या खड्ड्यांकडं बघून मला रडू आवरेना, म्हणून पाणी आणायचं निमित्त करून बाहेर आले.

तर आता ऐक. इथवर लिहून मी उठले आणि ती जागा शिवली. सुई दोनदा बोटात गेली. केसाळ कापडाची कड आत मुडपली, झालरीच्या शिलाईवर बसवली, बारीक टाके घातले, गाठ मारली, दोरा कात्रीनं कापला; दातानं तोडायची हिंमत झाली नाही. तुला काय म्हणायचं ते म्हण. थोबाडीत मारायला ये, मला बरंच वाटेल.

डबा भरायचाय, रिक्षावाला येईल आता. हा कागद मी फाडून टाकणार आहे, कारण तो चुकून जरी लेकीच्या हाती लागला तरी ती मला कधी माफ करायची नाही. सगळ्यांना वाटतंय की म्हातारी नातवंडासाठी जीव टाकतेय. त्या शेवटच्या गाठीपाशी मी हात जोडले, माय, आणि त्या बाळासाठी काहीच मागितलं नाही. माझी पोरगी तेवढी परत दे, म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.