पिवळ्या झेंड्याची गाडी

६ नोव्हेंबर २००५, रविवार. सकाळी ९.

डायरी पुन्हा सुरू. मागची १९९७ ची, लिहिलेली पानं तीन. तेव्हाचा संकल्प पोहण्याचा होता. दोष माझा नाही, फरीदाबादच्या पाण्याचा.

शुक्रवारी सहामाही रिपोर्ट हातात आला. 'लीडरशिप' या रकान्यात आमचे नवे जीएम अंशुमनसाहेब यांनी दोनच शब्द लिहिलेत : नॉट ऑब्झर्व्ह्ड. साहेबांचं वय चौतीस, गाव पुणे. मी सत्तावीस वर्षं ट्रॅक्टर पार्ट्सचं स्टोअर सांभाळतोय. लीडरशिप दिसली नाही म्हणे. दाखवू कुठे? माझ्या मागे नुसते रॅक उभे असतात.

उपाय सापडला आहे. जिप्सी-जीपवाल्यांचा एक क्लब आहे. एक रविवार सोडून एक रविवार अरवलीत जातात. सगळ्यात पुढच्या गाडीला पिवळा झेंडा असतो, ती लीड. बाकी आठ-दहा गाड्या मुकाट तिच्या मागून. हे नेटवर वाचलं आणि छातीत काहीतरी हललं. ॲसिडिटी नव्हती.

मार्चपर्यंत लीड व्हायचं. गाडी घेतली आहे. लष्कराच्या लिलावातली जिप्सी, वय अकरा वर्षं. सरला म्हणाली, आपल्या गुडघ्यांचं काय? आमची अवनी म्हणाली, बाबा, मिडलाइफ क्रायसिस है क्या यार? वय त्रेपन्न. मिडलाइफ केव्हाच संपलं, हे तिला सांगायचा कंटाळा आला.

१२ नोव्हेंबर, शनिवार.

करोल बाग. फॉग लाइट, जाडा दोर, आणि झेंड्यासाठी पिवळं कापड. आत्ताच घेऊन ठेवलेलं बरं. सरलाने दुमडून टीप मारायची आहे.

पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक बोडका गोल खटका आहे, वर बाण-बिण कोरलेले. फार बेंगरूळ दिसतात. त्यांवर स्टीलच्या चकचकीत टोप्या बसवून घेतल्या. दुकानदार म्हणाला, सरजी, दुल्हन लग रही है.

मी भाव करत होतो तेवढ्यात सरलाने गाडीत पडलेलं मॅन्युअल वाचून काढलं. हिला वाचायला काहीही चालतं, भेळेचा कागदसुद्धा. परत येताना सांगत होती की कच्च्या रस्त्यावर ते खटके हाताने 'लॉक'वर फिरवायचे असतात, नाहीतर पुढच्या चाकांना जोर मिळत नाही. मी समजावलं की मॅन्युअल साध्या माणसांसाठी असतं, ही फौजी गाडी आहे. आतला दांडा ओढला की फोर व्हील ड्राइव्हचा हिरवा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे लागलं. ती गप्प बसली. पटलं असावं.

२० नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३.

पहिली ट्रिप. धौज गावाच्या पलीकडे. तीनदा रुतलो.

कारणं : (१) रेती नीट नव्हती. (२) मागचा माणूस फार जवळ होता, त्याचं दडपण आलं. (३) सरला बाजूला बसून पुन्हा त्या खटक्यांचं काढत होती.

तिन्ही वेळा सेठी नावाच्या माणसाने दोर लावून ओढलं. स्पेअर पार्ट्सचा धंदा, आवाज मोठा. दर वेळी म्हणतो, अंकलजी, टेन्शन नहीं लेने का. मी त्याच्याहून फार तर चार वर्षांनी मोठा असेन.

क्लबचा मुख्य निहार. गुरगावला सॉफ्टवेअरमध्ये, मूळचा कोथरूडचा, वय एकोणतीस. मला काका म्हणतो. निघण्याआधी सगळ्यांना उभं करून हब म्हणजे चाकांचे ते खटके लॉक करा, टायरमधली हवा कमी करा, वगैरे सांगतो. या सूचना नवशिक्यांसाठी. त्या वेळात मी सगळ्यांना चहा ओततो.

पाठ धरली आहे. सरलाने आयोडेक्स लावलं.

४ डिसेंबर, रविवार. दुपारी ४.

यश! मांगर गावाच्या वरचा चढ एका दमात. गाडी गरीब गाईसारखी चढली. सेठी वर दोर घेऊन उभाच होता. त्याला हात केला.

रहस्य : क्लच सोडताना श्वास रोखायचा. हे कुठल्याही पुस्तकात नाही. निहारला सांगणार नाही.

चढाच्या आधी सरला खाली उतरली, टायर बघते म्हणाली. दोन्ही पुढच्या चाकांपाशी वाकून बराच वेळ काहीतरी करत होती. टोप्यांवर धूळ बसलेली तिला खपत नाही. तळहात काळेकुट्ट करून आली आणि तेच हात माझ्या मफलरला पुसले. डांबरी रस्ता लागल्यावर पुन्हा उतरली. बायकोच्या स्वच्छतेच्या आवडीपुढे कोण बोलणार.

१८ डिसेंबर, रविवार.

पुन्हा यश. निहार म्हणाला, काका, सुधारलात. मी लगेच लीडचं विचारलं. तो म्हणाला, एक ट्रायल असते, सगळी ट्रिप तुम्ही पुढे राहून न्यायची, बघू फेब्रुवारीत.

घरी येऊन झेंडा काढला, इस्त्री केली, पुन्हा घडी घातली. सत्तावीस वर्षांत माझ्या मागे कुणी आलेलं नाही. अवनीसुद्धा बाजारात माझ्या पुढे चालते. हे इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कुणी नाही.

२२ जानेवारी २००६, रविवार. दुपारी २.

सरला आली नाही. नाताळापासून बंद असलेल्या ट्रिपा आज पुन्हा सुरू झाल्या, पण तिच्या मंडळात हळदीकुंकू होतं.

चारदा रुतलो. मांगरच्या त्याच चढावर दोनदा मागे घसरलो. श्वास इतका रोखला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सेठीने न विचारताच दोर लावला.

कारण शोधलं. धुकं. धुक्यामुळे पेट्रोल ओलसर होतं, जोर कमी पडतो. सेठीला सांगितलं, त्याने स्वतःच्या टाकीचं झाकण उघडून आत बघितलं.

घरी आलो तर सरलाने वाण म्हणून वाटायला आणलेल्या प्लास्टिकच्या गाळण्या मोजताना विचारलं, आज कसं झालं? ठीक, म्हटलं. तिने माझ्या बुटांतली रेती बघितली. खटक्यांबद्दल काही बोलणार होती, मी टीव्ही लावला.

५ फेब्रुवारी, रविवार.

सरला आली, धुकं नव्हतं. एकदाही रुतलो नाही. पेट्रोलची थिअरी सिद्ध.

एक गोष्ट मात्र खटकली. कच्चा रस्ता सुरू होण्याआधी सरला उतरून टोप्या पुसते, त्यात तीन मिनिटं जातात. मागच्या गाड्या खोळंबतात. निहार हसून काकू, काकू करत असतो, पण लीडच्या गाडीला हे शोभत नाही.

ट्रायल ठरली. एकोणीस तारखेला.

१० फेब्रुवारी, शुक्रवार.

आज मोठं पाऊल टाकलं. केबिनमध्ये जाऊन अंशुमनसाहेबांना ट्रिपचं आमंत्रण दिलं. म्हटलं, सर, पुढच्या सीटवरून बघा. ते म्हणाले, अरे वा, पद्माकरजी, बिल्कुल. ट्रिप या रविवारी नव्हे, पुढच्या, हेही सांगितलं. मार्चमध्ये ते वार्षिक रिपोर्ट लिहायला बसतील. ऑब्झर्व्ह करायचं तर समोर बसून करू दे.

घरी सरलाला सांगितलं की एकोणीसला पुढची सीट साहेबांची. मागच्या बाकावर तिचे हाल होतील, तेव्हा तिने घरीच राहावं. ती म्हणाली, मग ते चाकांचं कोण बघणार? म्हटलं, एक दिवस टोप्या धुळीच्या राहिल्या तर जग बुडत नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.

झेंड्याला इस्त्री झाली. दाढी उद्या.

सरला सकाळपासून मागे लागली आहे की पाच मिनिटं गाडीपाशी चला, काहीतरी दाखवायचंय. मी स्पष्ट सांगितलं, मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी टेक्निकल बोलायचं नाही, मन विचलित होतं. तिने कपाळाला हात लावला आणि थालीपिठाची भाजणी भिजवायला गेली. डबा बारा जणांचा आहे. ठरवलंय की डबा वर पोचल्यावरच उघडायचा, झेंड्याखाली.

थोडं अस्वस्थ वाटतंय. आनंदच असणार.

१९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.

लिहायची इच्छा नाही. लिहितो.

सात वाजता निघालो. झेंडा फडफडत होता. मागे नऊ गाड्या. आरशात मोजल्या, दोनदा. साहेब म्हणाले, छान वाटतंय. मी तिसऱ्यांदा मोजल्या. तो अर्धा किलोमीटर मी विसरणार नाही.

मग नाला. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, रुंदी एका गाडीची. दांडा ओढला, हिरवा दिवा लागला, श्वास रोखला. मधोमध रुतलो.

मागच्यांना पुढे जाता येईना, मला मागे येता येईना. ओढायला पुढे कुणी असायला हवं, पण लीडच्या पुढे कुणी नसतं. नऊच्या नऊ गाड्या माझ्या मागे थांबल्या. चाळीस मिनिटं. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

फावडं चालवून झालं, चाकाखाली दगड घालून झाले. निहार मागच्या चाकांपाशी रेती उपसत होता. सेठीने विचारलं, अंकलजी, हब देखे? मी म्हटलं, सब देखा है.

साहेबांना डायबेटिस आहे हे तेव्हा कळलं. ते म्हणाले, काही खायला आहे का? डबा वर पोचल्यावर उघडायचा होता, पण माणूस घामाघूम झालेला. हो म्हटलं. त्यांनी स्वतःच झाकण काढलं. वरच्या थालीपिठावर प्लास्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी होती. साहेबांना वाटलं रेसिपी असेल. मोठ्याने वाचली :

"अहो, आधी टोप्या काढा. मग दोन्ही खटके लॉकवर फिरवा. माझ्यावर रागवा, पण फिरवा. मग खा. सरला."

सेठीने विचारलं, मतलब? साहेबांनी हिंदीत करून सांगितलं. सगळ्यांना.

निहार उठला, टोप्या काढल्या, खटके फिरवले. दोनदा कट् आवाज आला. तो हळूच म्हणाला, काका, चालवा. गाडी पहिल्या फटक्यात बाहेर आली. श्वाससुद्धा रोखला नव्हता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सेठीने पाठीवर हात ठेवला, एवढंच.

२१ फेब्रुवारी, मंगळवार.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ट्रिपबद्दल काही नाही. थालीपीठ उत्तम होतं म्हणाले. मग म्हणाले, वहिनी कुठे नोकरी करतात का? नाही म्हटलं. ते म्हणाले, अच्छा, कमाल आहे. रिपोर्टचं विचारायचं धाडस झालं नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.

आज कुठे जायचं नव्हतं. गाडी दारात उभी. मी सरलाला विचारलं, एकूण किती वेळा फिरवलेस? ती म्हणाली, मोजलं नाही, जाताना लॉक, येताना फ्री. मग सांगितलं का नाहीस? सांगितलं होतं, म्हणाली, नोव्हेंबरात दोनदा. मग सोडून दिलं. त्या चढावर तुम्ही सेठींना हात केलात ना, तेव्हा इतके खूष होतात. ऑफिसातून घरी येताना तुम्हाला असं कधी बघितलं नाही. तुम्हीच चढलात असं तुम्हाला वाटत होतं, तर वाटू दे म्हटलं.

मी खाली जाऊन डावा खटका स्वतः फिरवून बघितला. फार कडक आहे. तिच्या मनगटाला तो कसा फिरायचा, कुणास ठाऊक. उजवा फिरवताना ती गच्चीतून म्हणाली, उलटा फिरवताय.

दुपारी १. निहारचा मेल आला. पाच मार्चची ट्रिप. चहा : पद्माकर काका. लीड ट्रायल : सरला काकू, गाडी काकांचीच. सरलाचं लायसन्स चौऱ्याऐंशीचं आहे, ती दर वेळी रिन्यू करून ठेवते, पण लग्नानंतर मी वापरू दिलं नव्हतं. आता क्लच सोडताना श्वास रोखायचं तिला सांगावं का, विचार करतोय. नको.

तिने विचारलं, झेंड्याला इस्त्री करू का? म्हटलं, राहू दे. शनिवारी मी करीन.