फणस, म्हैस आणि माझा ग्राइंडर

८ जुलै, मंगळवार
रात्रीच्या वाऱ्यानं शेजारच्या तानाबाईचा फणस तिच्याच गोठ्यावर पडला. पत्रे चेपले, म्हैस वाचली. गाभण हाय, आज-उद्यावर आलीय. आणून आपल्या सोप्यात बांधली. तानाबाई डोळं पुसाय लागली, तिला सांगितलं, रविवारपर्यंत तुझा गोठा मोकळा करून देते. माझा शब्द हाय. घरात लाकडं कापायचा कटर हाय, चालवायला नवरा हाय.
अडचण एवढीच की कटरच्या तिन्ही दातेरी चेनी बोथट. मालक म्हणाले, सयाजीकडं धार लावाय देतो. सयाजी म्हणजे माझा धाकटा दीर, बाजारात त्याचं धारेचं दुकान. पण त्याची बायको वर्षाराणी लग्नाच्या भर पंगतीत माझ्यावरनं म्हणाली हुती, अक्काच्या हातात कोयता दिला तर कोयताच बोथट हुतोय. तवापासनं त्या दुकानाची पायरी बंद. धार मीच लावणार. विळ्या-कोयत्याचा ग्राइंडर हाय की घरात. जरा बदल केला की झालं.

९ जुलै, बुधवार
ग्राइंडरचा दगड जाड, चेनीच्या दातात शिरत न्हाय. चंदगडला जाऊन पातळ दगड आणला. दुकानदार विचारतोय, मिस्त्री कोण हाय? म्हटलं, समोर उभा हाय. मग चाकाचा वेग, आरपीएम का काय ते सांगाय लागला. मी पिशवी उचलली. एसटी चुकली असती.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चेन धरून वर-खाली हुणारं कायतरी पाहिजे हुतं. डोकं चाललं. पापडाचं लोखंडी मशीन! वरची थाळी बिजागरीवर फिरतीय. तिला चेन बांधायची, थाळी दाबायची, दात दगडाला टेकतोय. शिकल्याल्या माणसाला सुचलं नसतं. मालकांनी विचारलं, पापड कशावर करणार? म्हटलं, पापड उन्हाळ्यात. एवढा लांबचा विचार करू नका.

१० जुलै, गुरुवार
पहिली चेन तयार. सगळे दात एका कलात, प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे. मालक म्हणाले, चेनीचा एक दात डाव्या अंगाला असतोय, एक उजव्या, तशी धार आलटून-पालटून लावायची असती. म्हटलं, करणाऱ्यानं वाकडं केलं म्हणून मी बी वाकडं करू व्हय?

दुपारी
कटर सरळ जाईना. विळ्यासारखा एकाच अंगाला वळत गेला आणि बुंध्यात अडकून बसला. फणस तिरका वाढल्याला हाय. झाडातच खोट.

११ जुलै, शुक्रवार
दुसरी चेन आलटून-पालटून केली. मालक म्हणाले म्हणून न्हाय, मला रात्रीच सुचलं हुतं. चांगली दाबून धरली. ठिणग्या अशा की दिवाळी. दात निळे-जांभळे झाले. म्हणजे पोलाद पक्कं झालं.
बुंध्यातनं भुशाऐवजी नुसता धूर. मालक म्हणाले, दात जळून मऊ पडले. म्हटलं, लाकूड ओलं हाय. म्हणाले, ओल्या लाकडाचा धूर हुतोय व्हय? चुलीपाशी या एकदा, असं म्हणायचं नंतर सुचलं.
म्हैस रात्रभर उठबस करतीय. तानाबाई सारखी येती, आधी म्हशीकडं बघती, मग ग्राइंडरकडं. बोलली असती तर ऐकवलं तरी असतं.

१२ जुलै, शनिवार
चूक सापडली. मशीनची पूजाच केली न्हवती. हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. नारळ फोडायला दगड बघत हुते, तर दगड समोरच. ग्राइंडरच्या चाकावरच आपटला. एका घावात दोन भकलं. मालक बघतच राह्यले.

दुपारी
बटन दाबलं आणि चाक फुटलं. एक तुकडा पत्र्यातनं भाईर, एक पाण्याच्या हंड्यात. पापडाच्या मशीनची बिजागरी उडाली. मी पूजेचं ताट ठेवाय बाजूला झालते म्हणून वाचले. म्हणजे पूजा पावली. दगड मात्र हलका दिला त्या दुकानदारानं.
म्हैस बिथरून दावं तोडून पावसात पळाली. मालक आणि तानाबाई, दोघांनी धरून आणली. तानाबाई म्हशीच्या अंगावर पोतं टाकत म्हणाली, "बाई, तुझ्या धारेचं बघ तू सावकाश. माझी म्हैस थांबायची न्हाय."
तिला सांगितलं, उद्याचा अख्खा रविवार हाय, अजून एक चेन शिल्लक हाय. खुंटीवर बघितलं तर चेन न्हाय. मालक बी न्हाईत.

१३ जुलै, रविवार
सकाळपासनं फणसाकडं कटर वाजतोय. खिडकीतनं बघितलं. सयाजी कापतोय, मालक ओंडकं लोटतायत, वर्षाराणी पदर खोचून फांद्या ओढतीय. मी गेले न्हाय. म्हशीजवळ कोणतरी पाहिजेच की.
आणि म्हैस अडली. हाका मारल्या, कटरच्या आवाजात कुणाला ऐकू जाईना. मीच हात घातला, पाय धरून ओढलं, नाकातोंडातलं पुसलं. रेडी झाली. पदरानंच अंग कोरडं केलं तिचं, फडकं जवळ न्हवतं म्हणून.
दुपारपर्यंत गोठा मोकळा. रविवारचा शब्द दिल्याला, पाळला.

१५ जुलै, मंगळवार
तानाबाईनं चिकाचा खरवस केला. सयाजीकडं डबा भरून पोचला. मालकांना ताटली. मला वाटी. विचारलं तिला, एवढा ग्राइंडर उभा केला, चार दिवस राबले, त्याची ही वाटी?
"त्याची न्हवं गं," तानाबाई म्हणाली. "रेडी जगवलीस, त्याची हाय."
खरवसात वेलदोडा कमी हुता. खाल्ला सगळा.